धूम्रपान आणि हाडे-सांध्यांचे आरोग्य

तंबाखूचे दुष्परिणाम हा विषय आपल्या विद्यार्थ्यांना नवा नाही. शाळेच्या भिंतीवरील तक्त्यावर त्यांनी काळवंडलेली फुप्फुसे पाहिली आहेत, बिडीबंडलावर छापलेले भयंकर चित्रही पाहिले आहे. तोंडाचा कर्करोग, दमा, हृदयविकार ही नावे त्यांना पाठ असतात. मात्र त्या तक्त्यावर गुडघा नसतो, पाठीचा कणा नसतो, खुब्याचे हाडही नसते. वस्तुतः आपल्या परिसरातील वडीलधाऱ्या माणसांची सर्वाधिक तक्रार याच अवयवांविषयी असते. उठताना गुडघा धरतो, कंबर सरळ होत नाही, सकाळी बोटे वळत नाहीत. या दुखण्याला आपण सरसकट ‘वात’ म्हणतो आणि वयाच्या माथी मारून मोकळे होतो. या दुखण्याच्या मागे खिशातल्या बिडीचा कितपत वाटा आहे, याची शास्त्रीय मांडणी या लेखात करावयाची आहे.

येलदरी हे गाव पूर्णा नदीवरील धरणामुळे आणि तेथील जलविद्युत केंद्रामुळे सर्वांना ठाऊक आहे. तथापि धरणाच्या सान्निध्यात राहूनही जिंतूर तालुक्यातील बहुसंख्य कुटुंबे कोरडवाहू शेती, शेतमजुरी आणि ऊसतोडणी यांवरच जगतात. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेले जोडपे उन्हाळा लागल्यावर परत येते. आपल्या वसतिगृहात राहणाऱ्या कित्येक मुलांचे मायबाप त्या काळात कारखान्याच्या तळावर पालात राहतात. वाकून ऊस तोडणे, मोळी बांधणे, ती डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढणे, हे सारे काम गुडघा, कंबर, मान आणि खांदा यांच्या बळावर चालते. ज्याच्याजवळ जमीन नाही, बँकेत ठेव नाही, त्याचे भांडवल म्हणजे त्याचे सांधे. कचेरीत बसणाऱ्या माणसाची कंबर धरली तर त्याला रजा मिळते. कोयत्यावर असलेल्या माणसाची धरली तर त्या दिवसाची मजुरी बुडते आणि मुकादमाची उचल अंगावर राहते. म्हणून हाडांच्या आरोग्याचा प्रश्न आपल्याकडे निव्वळ वैद्यकीय राहत नाही.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. २०१६-१७ साली झालेल्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणानुसार भारतातील पंधरा वर्षांवरील २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू सेवन करीत होते. महाराष्ट्रात हे प्रमाण २६.६ टक्के होते. यातील विभागणी मोठी बोलकी आहे. देशात धूम्रपान करणारे १०.७ टक्के, तर महाराष्ट्रात केवळ ३.८ टक्के; उलट धूरविरहित तंबाखू, म्हणजे मळलेली तंबाखू, गुटखा, मशेरी इत्यादी घेणारे महाराष्ट्रात २४.४ टक्के. थोडक्यात, आपला प्रांत ओढणाऱ्यांपेक्षा चघळणाऱ्यांचा आहे. परंतु ३.८ टक्के म्हणजे थोडेच, असे समजून समाधान मानू नये. ही सरासरी सर्व राज्याची आहे. पारावर बसलेल्या साठी उलटलेल्या पुरुषांची मोजणी केली तर वेगळेच चित्र दिसेल. शिवाय निकोटीन हा जो मूळ पदार्थ, तो धुरातून जावो अथवा गालातून, रक्तातच मिसळतो.

तंबाखू ही आपल्या मातीतील प्राचीन वनस्पती नव्हे. अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या जहाजांवरून ती आपल्याकडे आली. असद बेग या सरदाराने विजापूरहून नेलेला तंबाखू १६०४-०५ च्या सुमारास अकबराच्या दरबारात पोहोचला, आणि पुढे १६१७ मध्ये जहांगीराने त्यावर बंदीचा हुकूम काढला. तो किती पाळला गेला हे आजच्या टपऱ्या पाहून समजतेच! तथागतांच्या काळी हे पान भारतात नव्हते. म्हणून पंचशीलातील पाचव्या शीलात तंबाखूचा नामोल्लेख शोधणे व्यर्थ आहे. ते शील ज्या प्रमादापासून दूर राहण्यास सांगते, त्याचा विचार करून प्रत्येकाने आपले उत्तर काढावे.

बिडीची गोष्ट मात्र आपल्या समाजाच्या अगदी जवळची आहे. टेंभुर्णीची पाने गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या जंगलपट्ट्यांतून येतात. बिड्या वळण्याचे काम सिन्नर, संगमनेर, सोलापूर, गोंदिया, कामठी आणि सीमेवरील निपाणी येथे पिढ्यान्‌पिढ्या चालले. आपण ज्या ‘जय भीम’ या अभिवादनाने एकमेकांना भेटतो, ते रूढ करणारे कामठीचे बाबू हरदास हे बिडी कामगारांचेच पुढारी होते. १९०४ साली जन्मलेल्या या कार्यकर्त्याने ठेकेदारांच्या पिळवणुकीविरुद्ध बिडी मजुरांची संघटना उभारली, १९३७ च्या निवडणुकीत ते मध्य प्रांताच्या विधिमंडळावर निवडून आले आणि १२ जानेवारी १९३९ रोजी, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, क्षयाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या चळवळीचे स्मरण ठेवताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बिडीने ओढणाऱ्याची हाडे झिजतात हे पुढे येईलच. पण ती वळणाऱ्या स्त्रीचीही झिजतात. दिवसाला आठशे-हजार बिड्या वळण्यासाठी ती मांडी घालून, मान खाली घालून तासन्‌तास सूप मांडीवर घेऊन बसते. पान कापणे, जर्दा भरणे, वळणे, दोरा बांधणे या हालचाली बोटे आणि मनगट हजारो वेळा करतात. मान, कंबर, खांदे आणि मनगट यांचे दुखणे हा या धंद्याचा नित्याचा रोग आहे. तंबाखूची धूळ श्वासात जाते आणि ओल्या हाताच्या कातडीतूनही निकोटीन आत शिरते. १९६६ चा बिडी व सिगार कामगार कायदा आणि १९७६ चा कल्याण निधी कायदा यांनी या कामगारांना काही संरक्षण दिले खरे; परंतु मजुरी अजूनही हजार बिड्यांच्या हिशेबानेच मोजली जाते.

आता मूळ विषयाकडे वळू. धूर तर फुप्फुसात जातो, मग गुडघा का दुखतो? हा प्रश्न विद्यार्थ्याने विचारलाच पाहिजे.

हाड म्हणजे निर्जीव काठी नव्हे. त्यात रक्तवाहिन्या आहेत, जिवंत पेशी आहेत. काही पेशी जुने हाड खरवडून काढतात आणि काही पेशी त्या जागी नवे हाड रचतात. घराची भिंत रोज थोडी उकरावी आणि रोज थोडी लिंपावी, तसा हा व्यवहार जन्मभर चालतो. लिंपणाऱ्या पेशींना प्राणवायू, कॅल्शियम, ‘ड’ जीवनसत्त्व आणि संप्रेरके यांची गरज असते. धूर या चारही बाबतींत आडवा येतो. निकोटीनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. धुरातील कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक जोराने चिकटतो, त्यामुळे रक्त वाहते खरे, पण प्राणवायू कमी नेते. आतड्यातून होणारे कॅल्शियमचे शोषण घटते. स्त्रियांमध्ये हाडांचे रक्षण करणाऱ्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा प्रभाव कमी होतो आणि धूम्रपान करणाऱ्या स्त्रीची पाळी इतरांपेक्षा लवकर थांबते. परिणामी उकरणे चालू राहते आणि लिंपणे मागे पडते.

बिडी ही सिगारेटपेक्षा सौम्य, ‘आपली देशी’ असल्यामुळे कमी घातक, असा समज खेड्यापाड्यांत पक्का आहे. तो साफ चुकीचा आहे. बिडीत तंबाखू कमी असतो हे खरे. पण टेंभुर्णीच्या पानातून हवा सहज आत शिरत नाही, म्हणून बिडी वारंवार विझू पाहते. ती पेटती ठेवण्यासाठी ओढणारा अधिक जोराने आणि अधिक वेळा झुरके घेतो. त्यामुळे डांबर, निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड शरीरात अधिक प्रमाणात जातात.

हाडांच्या ठिसूळपणाविषयीचा एक अभ्यास येथे नमूद करण्याजोगा आहे. १९९७ साली लॉ आणि हॅकशॉ या दोन संशोधकांनी तोवर झालेल्या अनेक पाहण्यांचा एकत्रित हिशेब मांडला. पाळी थांबल्यानंतर धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची हाडे इतरांपेक्षा वेगाने विरळ होतात, असे त्यांना आढळले. खुब्याचे हाड मोडण्याचा धोका साठाव्या वर्षी १७ टक्क्यांनी, सत्तराव्या वर्षी ४१ टक्क्यांनी, ऐंशीव्या वर्षी ७१ टक्क्यांनी अधिक, आणि नव्वदीत तर दुपटीहून जास्त होता. म्हातारपणी खुबा मोडणे म्हणजे काय, हे ज्या घरात आजी खाटेला खिळली आहे त्या घराला समजावून सांगावे लागत नाही.

येथे विद्यार्थ्यांसाठी एक महत्त्वाची गोष्ट आहे. हाडांची साठवण तरुणपणीच करावी लागते. पौगंडावस्थेत उंची झपाट्याने वाढते, त्या दोनेक वर्षांतच प्रौढ सांगाड्यातील सुमारे चतुर्थांश खनिज हाडांत जमा होते. तिशीच्या आसपास ही पेवे भरायची थांबतात. पुढे फक्त खर्च. आठवी ते दहावीतल्या मुलाने गंमत म्हणून सुरू केलेली बिडी नेमक्या भरणीच्या हंगामात पेवाला भोक पाडते. २०१९ च्या शालेय पाहणीत भारतातील तेरा ते पंधरा वयोगटातील सुमारे साडेआठ टक्के विद्यार्थी तंबाखू सेवन करताना आढळले, म्हणजे सर्वसाधारणपणे बारा मुलांमागे एक. आपल्या वर्गाची पटसंख्या घेऊन हा हिशेब कोणीही करून पाहावा.

मोडलेले हाड जुळण्याच्या बाबतीतही धुराचा अडथळा दिसतो. हाड मोडले की त्या जागी प्रथम रक्त साकळते, मग त्यात बारीक रक्तवाहिन्या शिरतात, मऊ जोड तयार होतो आणि तो हळूहळू कठीण होतो. हे सारे ताज्या रक्तपुरवठ्यावर अवलंबून असते. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये नडगीसारखे हाड जुळण्यास अधिक काळ लागतो आणि कित्येकदा ते जुळतच नाही. मणक्यांच्या शस्त्रक्रियेनंतरही हाच अनुभव येतो. डेन्मार्कमधील एक प्रयोग २००२ साली प्रसिद्ध झाला. खुबा अथवा गुडघा बदलण्याची शस्त्रक्रिया करावयाच्या १२० धूम्रपानी रुग्णांपैकी काहींना सहा ते आठ आठवडे आधी धूम्रपान सोडण्यास मदत करण्यात आली, इतरांना नेहमीप्रमाणे ठेवले. मदत मिळालेल्या गटात शस्त्रक्रियेनंतर १८ टक्के रुग्णांना गुंतागुंत झाली; दुसऱ्या गटात ५२ टक्क्यांना. दीड-दोन महिने धूर बंद ठेवल्याचा हा फरक आहे. आपल्या भागात रस्त्यावरील अपघातात किंवा बैलगाडीवरून पडून पाय मोडलेला तरुण रुग्णालयात प्लास्टर घालून पडतो आणि भेटायला येणारे मित्र त्याला आपुलकीने बिडी पेटवून देतात. ही आपुलकी त्याचे प्लास्टर लांबवते.

कंबरदुखीचा विचार थोडा विस्ताराने करू, कारण तोडणी कामगारांत तीच अधिक. पाठीच्या मण्यांमध्ये गादीसारख्या चकत्या असतात. प्रौढ माणसाच्या चकतीच्या आतील भागात स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. शेजारच्या मण्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून जे पोषण झिरपते त्यावर ती जगते. शेताच्या टोकाला असलेल्या वाफ्याला पाणी सर्वांत शेवटी पोहोचावे, तशी तिची अवस्था. निकोटीनने पाटाचे तोंड अरुंद केले की प्रथम तोच वाफा सुकतो. परंतु कोणी म्हणेल, ओढणारे लोक कष्टही जास्त करतात, ओझीही उचलतात, मग दोष धुराला का द्यावा? हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील एका अभ्यासाने दिले. मिशेल बॅटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकसारख्या जुळ्यांच्या अशा वीस जोड्या शोधल्या, ज्यांतील एक भावंड ओढणारे आणि दुसरे न ओढणारे होते. जुळ्यांचा आनुवंशिक वारसा एकच असतो. कंबरेच्या मण्यांचे एमआरआय काढल्यावर धूम्रपानी भावंडाच्या चकत्यांची झीज सरासरी १८ टक्क्यांनी अधिक आढळली. ओझ्याने कंबर झिजतेच; पण धुराने झिजलेली चकती तेच ओझे पेलण्यास आणखी असमर्थ ठरते, असा याचा अर्थ आपण लावू शकतो.

खरा आमवात, ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो मात्र झिजेचा रोग नव्हे. त्यात शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सकाळी तासन्‌तास बोटे आखडलेली राहतात, दोन्ही हातांचे सांधे सारखेच सुजतात, पुढे बोटे वाकडी होतात. या रोगाचे आणि धुराचे नाते संशोधकांना बऱ्याच काळापासून जाणवत होते. स्वीडनमधील अभ्यासांनी त्याची साखळी उलगडून दाखवली. धुरामुळे फुप्फुसातील काही प्रथिनांच्या रचनेत रासायनिक बदल होतो. शरीराला ती प्रथिने परकी वाटू लागतात आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. ज्यांच्यात विशिष्ट जनुक आहे त्यांच्या बाबतीत हा धोका अनेक पटींनी वाढतो. म्हणजे रोगाची ठिणगी छातीत पडते आणि आग बोटांच्या पेऱ्यांत लागते. अनेक पाहण्या एकत्र केल्यावर धूम्रपानी पुरुषांत हा रोग होण्याची शक्यता जवळपास दुप्पट आढळली. स्त्रियांतही ती वाढलेली होती, पण कमी प्रमाणात. रोग झाल्यानंतर बिडी चालूच ठेवणाऱ्या रुग्णांना मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांचा गुणही कमी येतो. दर महिन्याला परभणी किंवा नांदेडला जाऊन महागडी औषधे आणावयाची आणि त्यांच्यावर पाणी फिरवणारी वस्तू गावच्या टपरीवर घ्यावयाची, असा हा विचित्र व्यवहार होतो.

गुडघ्याच्या सर्वसाधारण झिजेबाबत मात्र प्रामाणिकपणे वेगळे सांगावे लागेल. काही मोठ्या पाहण्यांत धूम्रपान करणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज उलट कमी आढळली होती. हे ऐकून पारावरचे आजोबा खूश होतील! पण त्याचे बरेचसे स्पष्टीकरण साधे आहे. ओढणारे लोक बहुधा सडपातळ असतात आणि हलक्या शरीराचा भार गुडघ्यावर कमी पडतो. शिवाय अशा पाहण्यांसाठी माणसे कशी निवडली गेली यावरही आकडे बदलतात. बोस्टन येथे १५९ पुरुषांचा दीर्घकाळ पाठपुरावा करण्यात आला, त्या सर्वांना गुडघ्याची झीज आधीच झालेली होती. त्यात ओढणाऱ्यांची कूर्चा न ओढणाऱ्यांपेक्षा अधिक झिजली आणि त्यांच्या वेदनाही अधिक होत्या. हा अहवाल २००७ चा आहे. तेव्हा ‘बिडीने गुडघा घसरतो’ असे ठोकून सांगण्यापेक्षा, दुखऱ्या गुडघ्याला बिडी अधिक दुखवते, असे म्हणणे शास्त्राला धरून होईल. आरोग्यशिक्षणात अतिशयोक्ती केली तर विद्यार्थ्याचा खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो, म्हणून हा खुलासा.

आणखी एक रोग आहे, जो सांध्याचा नसूनही सांधेदुखी म्हणूनच अंगावर काढला जातो. लिओ बर्गर या डॉक्टरांनी १९०८ साली त्याचे सविस्तर वर्णन केले, म्हणून त्याला बर्गरचा रोग म्हणतात. तो जवळजवळ केवळ तंबाखू घेणाऱ्यांनाच होतो, तोही बहुतांशी पंचेचाळिशीच्या आतील पुरुषांना, आणि आपल्या देशातील बिडी ओढणाऱ्या गरीब शेतकरी-मजुरांत तो चांगलाच परिचित आहे. हातापायांच्या लहान रक्तवाहिन्या सुजून त्यांत गुठळ्या होतात. प्रारंभी चालताना तळपाय किंवा पोटरी दुखते आणि थोडे थांबले की बरे वाटते. माणूस म्हणतो, ‘वात आहे, तेल लावतो.’ नंतर बसल्या जागीही पाय ठणकतो, रात्री पाय खाटेखाली लोंबकळत ठेवल्याशिवाय झोप लागत नाही, बोटे थंड पडतात, निळी-काळी होतात, छोटी जखमही भरत नाही. शेवटी बोट, मग पाऊल, मग पाय कापावा लागतो. या रोगावर एकच खात्रीचा उपाय आहे : तंबाखू पूर्णपणे सोडणे. दिवसाला एक-दोन बिड्याही रोग जिवंत ठेवतात. वेळीच सोडणाऱ्याचा पाय बहुधा वाचतो, न सोडणाऱ्याचा वाचवणे शल्यचिकित्सकाच्याही हाती राहत नाही. म्हणून चालताना पोटरी धरते आणि थांबले की सुटते, असे घरातील कोणी म्हणाले, आणि तो बिडी ओढत असेल, तर तेलाची बाटली बाजूला ठेवून त्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. पायाची नाडी हाताने तपासणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

इतके सारे असूनही ओढणारा माणूस शपथेवर सांगतो की, ‘बिडी ओढली की दुखणे कमी होते.’ तो खोटे बोलत नाही. निकोटीन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते आणि थोडा वेळ वेदनेची जाणीव बोथट करते. भूकही मारते, उसाच्या फडात दुपारची भाकर लांबली की हेच तर हवे असते. परंतु तास-दीड तासाने निकोटीन उतरू लागले की शरीर अस्वस्थ होते आणि वेदना पूर्वीपेक्षा अधिक जाणवते. मग दुसरी बिडी. सावकाराने दिलेल्या कर्जातूनच व्याज फेडावे, तसा हा प्रकार. ज्या वेदनेवर बिडी उतारा देते, त्या वेदनेचा काही भाग मागच्या बिडीनेच निर्माण केलेला असतो, हे त्या माणसाला कोणी शांतपणे समजावून सांगितलेले नसते. ‘सोडा ते व्यसन’ एवढेच त्याने आयुष्यभर ऐकलेले असते, तेही बहुधा सुनेकडून किंवा सरकारी पाटीवरून.

मशेरी लावणाऱ्या आणि तंबाखू मळणाऱ्या मंडळींनी आपण यातून सुटलो असे मानू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड त्यांना लागत नाही हे मान्य. पण निकोटीन पूर्ण लागते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर त्यांचाच अधिक. आपल्या माता-भगिनी मशेरीला व्यसन म्हणतच नाहीत, दात घासणे म्हणतात. दिवसातून चार-पाच वेळा दात कोण घासते, हा प्रश्न घरातल्या मुलीने आजीला हसत विचारण्यास हरकत नाही.

कायद्याची माहितीही विद्यार्थ्यांना असावी. २००३ च्या कायद्यानुसार शाळेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत आणि अठरा वर्षांखालील कोणालाही ते विकणे गुन्हा आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई लागू आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात तर मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. सुट्टीत घरी गेलेल्या मुलाच्या हातात पैसे देऊन ‘जा, बंडल घेऊन ये’ असे जे सहज सांगितले जाते, त्यात दुकानदार गुन्हेगार ठरतो, आणि मूल ती वाट शिकते. मोठ्यांचा शब्द मोडावा, असे शिक्षक सांगणार नाहीत. परंतु ‘आबा, शाळेत आम्हाला मनाई आहे, दुकानदारही देणार नाही’ एवढे नम्रपणे म्हणण्याचा अधिकार विद्यार्थ्यास निश्चित आहे.

सोडण्याने काय साधते, याबद्दल निराशेचे कारण नाही. रक्तातील कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरते. हाडांचा धोका कमी होण्यास वर्षे लागतात, आमवाताचा धोका तर वीसेक वर्षे रेंगाळतो, पण उतरत जातो. ब्रिटिश डॉक्टरांचा पन्नास वर्षे पाठपुरावा करून रिचर्ड डॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये जे निष्कर्ष मांडले त्यांनुसार, तिशीत सोडणाऱ्याचे सुमारे दहा वर्षांचे आयुष्य वाचते आणि साठीत सोडणाऱ्याचेही सुमारे तीन वर्षांचे. ‘आता म्हातारपणी सोडून काय उपयोग’ या वाक्याला हे उत्तर पुरेसे आहे.

सोडताना पहिले तीन-चार दिवस सर्वांत कठीण जातात. चिडचिड होते, झोप उडते, डोके धरते, आणि सांधेही अधिक दुखल्यासारखे वाटतात. ही वाढलेली वेदना निकोटीन उतरल्याची खूण आहे, रोग वाढल्याची नव्हे; हे आधीच सांगून ठेवले नाही तर माणूस तिसऱ्या दिवशी घाबरून पुन्हा बंडल उघडतो. तलफ आली की ती काही मिनिटेच टिकते. तेवढा वेळ पाणी पिणे, बडीशेप चघळणे, चार पावले चालणे, कोणाशी बोलणे, यांपैकी काहीही चालते. जेवणानंतरची आणि चहाबरोबरची बिडी सर्वांत चिवट असते, म्हणून त्या वेळी घरच्यांनी जवळ बसावे. मजुरीच्या कामात असलेल्या माणसाने हंगामाच्या ऐन भरात सोडण्यापेक्षा गावी असताना, घरच्यांच्या सोबतीने सोडणे अधिक सोपे जाते, असे माझे मत आहे. केंद्र शासनाची १८००-११-२३५६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा यासाठी समुपदेशन करते. जिल्हा रुग्णालयात चौकशी केल्यास निकोटीनच्या च्युइंगमसारख्या उपायांविषयी माहिती मिळू शकते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.

जाता जाता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी एक गृहपाठ. आपल्या घरी किंवा शेजारी बिडी ओढणारी जी व्यक्ती असेल, तिच्या परवानगीने आठ दिवस रोज किती बिड्या संपतात ते वहीत लिहावे. शेजारच्या रकान्यात त्या दिवशी कोठे दुखले आणि रात्री झोप कशी लागली ते लिहावे. गावातील दुकानात बंडलाचा भाव विचारून ३६५ दिवसांचा खर्च काढावा, आणि त्याच पैशांत वर्षभरात किती अंडी, किती लिटर दूध आले असते याचा गुणाकार करावा. ही वही त्या व्यक्तीलाच वाचून दाखवावी. उपदेश करू नये, फक्त आकडे वाचावेत. सुट्टी संपल्यावर ती वही विज्ञानाच्या तासाला आणावी. अशा तीस-चाळीस वह्या एकत्र ठेवून आपण आपल्या परिसराचा एक लहानसा तक्ता वर्गातच तयार करू.